तो अबोला नव्हता, आत्या

आत्या, तुझ्या शोकसभेत सगळे बोलले. ज्यांना तू जिवंतपणी एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस, तेही पोटभर बोलले. माझं नाव पुकारलं तेव्हा मी बसल्या जागेवरून नको म्हणून मान हलवली. लोकांना वाटलं, पोरीचा गळा दाटलाय. गळा दाटला नव्हता. आपलं भांडण अर्धवट राहिलं होतं आणि समोरचा माणूस उत्तर द्यायला हजर नसताना माईक हातात घ्यायचा नाही, हे तूच मला शिकवलं होतंस.

आणखी एक कारण होतं. मी थकले होते. तुझ्या आजारपणानं थकले असं म्हटलं तर सोपं होईल, पण ते खरं नाही. तू अंथरुणाला खिळल्यावर स्टेशनच्या रस्त्यावरची आपल्या संघटनेची खोली माझ्या गळ्यात पडली. बुधवारी तिथं येणाऱ्या, नवऱ्यांनी टाकलेल्या बाया माझ्याकडे आल्या. मी त्यांना विचारायचे, त्या सांगायच्या, मी तालुक्याला जायचे, साहेबांशी भांडायचे, परत यायचे. पुढं पुढं असं झालं की बाई तोंड उघडायच्या आत मला तिची हकीकत पाठ असायची. शोकसभेतून घरी जाताना मी मुमताजखालाला सांगून टाकलं की खोली बंद करू. माझ्यात आता एक वाक्यसुद्धा उरलेलं नाही.

खाला तुझी मैत्रीण, तुला नुसतं कौसा म्हणणारी. बियाण्याच्या कंपनीत तुझ्या शेजारी बसून सरकी निवडणारी. तिनं माझ्याशी वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "कौसा तेरे को जा बोली थी ना उधर? जाके आ पहले. बंद तो कभी भी कर सकते."

उधर म्हणजे तिकडं. तुझ्या त्या मौनाच्या शिबिरात. आपलं सगळं भांडण जिथून सुरू झालं तिथं.

आत्या, तू माझ्यावर अन्याय केलास. एखाद्या मुलीला लहानपणापासून बोलायला शिकवायचं आणि ती बोलायला लागली की आपण उठून मौनात जायचं, हा कुठला न्याय? मी बाबांच्या छापखान्यात वाढले. जुन्या जालन्यातल्या त्या खोलीत पाळण्याच्या गाण्यापेक्षा मशीनचा आवाज जास्त ऐकला. मी वाचायला शिकले ती रद्दीत पडलेल्या पत्रकांवर. पहिला शब्द मला वाचता आला तो 'जाहीर'. जाहीर सभा, जाहीर निषेध, जाहीर आवाहन. जगात जे काही आहे ते जाहीर असतं अशीच माझी समजूत होती. आणि रिक्षाला भोंगा बांधून ते सगळं गावभर जाहीर करणारी बाई माझी आत्या होती. शाळेत पोरी म्हणायच्या, तुझी आत्या येऊन राह्यली बघ, आणि मी खिडकीकडे बघायच्या आधीच तुझा आवाज वर्गात शिरलेला असायचा.

तुला तो आवाज कुठून मिळाला, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तू स्वतः कधी सांगितलं नाहीस. आईनं सांगितलं. सासरी तुझ्या नवऱ्यानं तुझ्यावर अबोला धरला होता. भांडण झालं, चार दिवस रुसला, असा नाही. वर्षानुवर्षं धरला होता. त्याला तुला काही सांगायचं असलं की तो गोठ्यातल्या गाईला सांगायचा. "आज बाजारला जायचंय, भाकर जल्दी पायजे," असं गाईकडे बघून. आणि तू चुलीपाशी बसून ते ऐकायचीस आणि भाकर टाकायचीस. उत्तर द्यायचं असलं तर तूही गाईलाच. एक दिवस गाय विकली. मग त्या घरात तुझ्याशी बोलायचं साधनच राहिलं नाही, आणि तुला माहेरी आणून सोडलं.

आई हे हसत सांगायला लागली होती. गाय विकल्यापर्यंत आली आणि तिचं हसू थांबलं.

म्हणून तर तुझी ती एकच घोषणा होती. बाकीच्या घोषणा संघटनेच्या, ही तुझी. 'बोलती हो, बाई, बोलती हो.' मराठवाड्यातल्या कितीतरी बाया त्या घोषणेवर पहिल्यांदा उभ्या राहून बोलल्या. मी त्यातली नाही, मी जन्मापासूनच बोलत होते. पण मी ती घोषणा छापली. बाबांच्या हाताखाली खिळे जुळवून, पिवळ्या कागदावर.

आणि मग एका उन्हाळ्यात तू सांगितलंस की भोकरदनच्या पुढं डोंगराच्या पायथ्याशी एक शिबिर असतं, तिथं बोलायचं नसतं, वाचायचं नसतं, कुणाकडे बघायचंसुद्धा नसतं, आणि मी तिथं चालले. सगळ्यांना तू घशाचं कारण दिलंस. डॉक्टरांनी घशाला आराम सांगितलाय म्हणालीस. मला खोटं वाटलं. घशाला आराम घरीही देता येतो.

तू गेलीस त्यानंतर जे झालं ते आठवलं की अजून हसू येतं, आणि ते हसू कुणाला दाखवावं तर तू नाहीस.

कुंभार पिंपळगावकडच्या बायांना कुणीतरी सांगितलं की कौसाबाईनं मौन धरलंय. 'मौन' हा शब्द त्यांच्या वापरातला नव्हता. बाई बोलायची बंद झाली म्हणजे तिनं अबोला धरला, एवढं त्यांना पक्कं माहीत. आणि अबोला असा हवेत धरता येत नाही, तो कुणावर तरी धरावा लागतो. मग कुणावर? आपल्यावरच. बैठकीला आपण कमी आलो म्हणून. मागच्या मोर्च्याला टेम्पो भरला नाही म्हणून. घरोघर चर्चा झाली, एकमेकींवर आरोप झाले आणि शेवटी ठरलं की बाईचा रुसवा काढायला जायचं. टेम्पो आला, या वेळी भरून आला. वाटेत भोकरदनकडच्या पिंपळगाव रेणुकाईला थांबून त्यांनी देवीपुढं नारळ फोडला आणि तुझ्यासाठी खण घेतला. खाला पुढं ड्रायव्हरशेजारी बसली होती. मीही टेम्पोत होते. मला अबोला आणि मौन यातला फरक माहीत होता, पण मला तू परत हवी होतीस, त्यामुळे मी काही बोलले नाही.

फाटकाशी उतरल्या उतरल्या आपल्या बायांनी सवयीनं रांग केली. आणि आपल्या बायांची रांग झाली की घोषणा होणारच. 'बोलती हो, बाई, बोलती हो.' मौनाच्या शिबिराच्या दारात.

आतून पांढऱ्या कपड्यातले एक म्हातारे व्यवस्थापक जवळजवळ पळतच आले. त्यांच्या हातात पाटी होती, 'कृपया शांतता राखा.' निम्म्या बायांना वाचता येत नव्हतं आणि ज्यांना येत होतं त्यांना पाटी धरून समोर आलेला पुरुष म्हणजे काय ते चांगलं ठाऊक होतं. आवाज वाढला. शेवटी त्यांनी हात जोडले आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, हळू. आत माणसं बसलेली आहेत." त्यांच्या त्या आवाजाचं काय झालं कुणास ठाऊक, पण आपल्या बायांनीही आवाज खाली आणला. घोषणा थांबवली नाही. कुजबुजत देत राहिल्या. मुठी वर, आणि आवाज कानात गुपित सांगितल्यासारखा. असा मोर्चा मी परत कधी पाहिला नाही.

मग तू आलीस. आतल्या पायवाटेनं, डोक्यावर पदर घेऊन, हळू. फाटकाच्या आतच थांबलीस. मुठी खाली आल्या. खालानं गजातून हात आत घातला आणि तुझा हात धरला. "क्या गलती हुई हमसे? एक बार बोल दे, कौसा. फिर बैठ चुपचाप."

तू बोलली नाहीस. नियम मोडायचा मोह तुला झाला असणार, मी तुला ओळखते. पण तू बोलली नाहीस. खालाचा हात तुझ्या दोन्ही हातांत घेऊन उभी राहिलीस. रांगेतल्या प्रत्येक बाईकडे बघितलंस. घाई न करता, एकेकीकडे. तुझ्या डोळ्यांत राग नव्हता हे बायांना हळूहळू दिसलं असावं, कारण मागची एक म्हातारी म्हणाली, "ह्यो अबोला न्हाई गं. अबोल्यात माणूस असं बघत न्हाई." मग त्यांनी खण तुझ्या ओटीत घातला आणि टेम्पोत चढल्या.

मी शेवटी चढले. मला त्या म्हातारीचं म्हणणं पटलं नाही. मला वाटलं, तू आम्हाला सोडून दिलंस.

तू परत आल्यावर मी पत्रक काढलं. 'मौन कुणाच्या सोयीचं?' तुझं नाव नव्हतं त्यात, पण खेड्यातल्या पोराटोरांनाही कळलं असतं. मी लिहिलं होतं की ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसवलं त्यांना शांततेचे फायदे सांगणं म्हणजे उपाशी माणसाला उपासाचं महत्त्व सांगणं. तू ते उभ्या उभ्या वाचलंस. 'पिढ्यान्‌पिढ्या'तल्या 'न'चा पाय मोडायचा राहिलाय म्हणालीस. मग गठ्ठा उचललास आणि स्वतः वाटायला निघालीस. स्टेशनवर, बँकेच्या दारात, कंपनीच्या सुट्टीला. लोकांनी विचारलं की यात तुमच्यावरच टीका आहे ना, तर म्हणायचीस, "हां, बराबर हाय. वाचा."

ते पत्रक मी आजही मागे घेत नाही, आत्या. त्यातलं एक वाक्यही नाही.

पण त्याच संध्याकाळचं, जेवणाआधीचं तुझं बोलणं मात्र मला तेव्हा ऐकू आलं नाही. कान होते, ऐकू आलं नाही. मी तुला विचारलं होतं की तिकडं जाऊन तुला काय मिळालं. तू भाकरी थापत होतीस. तू रुक्मिणीचं नाव काढलंस.

रुक्मिणी, घनसावंगीकडची. संघटनेच्या परिषदेत आपण तिला मंचावर उभं केलं होतं. ती बोलली, नवऱ्याबद्दल, सासऱ्याबद्दल आणि मधे न पडणाऱ्या भावांबद्दलही. मांडव उठून टाळ्या वाजवत होता. दुसऱ्या दिवशी पेपरात तिचं नाव आलं, गावाच्या नावासकट. भावांनी तिला दारातून परत पाठवलं. तिच्या मामांनीही. ती कुठल्याशा टोळीबरोबर ऊसतोडीला निघून गेली आणि आपल्याला परत कधी भेटली नाही.

तू म्हणालीस, "मी तिला बोलती केली. पर ती बोलून राह्यली तव्हा मी काय करत व्हते माहीत हाय का तुला? माईकची वायर सरळ करत व्हते. खरखर येऊन राह्यली व्हती म्हणून. सगळ्या मांडवानं ऐकलं, मी न्हाई ऐकलं. ऐकलं असतं तर भावाचं नाव आलं तव्हाच मला कळलं असतं की हिला आता थांबवायला पायजे."

आणि मग तव्यावरची भाकरी उलटून म्हणालीस, "माझ्या डोस्क्यात भोंगा चालूच राहायचा गं. झोपले तरी. तिकडं जाऊन तेवढा बंद करता आला."

मी म्हणाले, भोंगा बंद करायचा नसतो, ज्यांनी रुक्मिणीला घराबाहेर काढलं त्यांच्या दारात न्यायचा असतो. टाळ्या मिळाव्यात असं वाक्य होतं. तू ताट माझ्यापुढं सरकवलंस. "एकदा जाऊन ये. मंग भांडू," म्हणालीस. पुढं कितीदा तरी म्हणालीस. मी म्हणायचे, मोर्चा झाल्यावर. पेरण्या झाल्यावर. निवडणूक झाल्यावर.

आत्या, मी जाऊन आले. आता भांडायला ये.

तुला रागावून सांगते, पहिले काही दिवस मी तिथं फक्त पत्रक लिहीत होते. कागद-पेन काढून घेतलं होतं, म्हणून मनात. नवीन जालन्यातले व्यापारी, त्यांच्या बायका, रेशमी शाली, बसायला जाड गाद्या. आणि त्यांची ताटं धुणाऱ्या, संडास झाडणाऱ्या बाया, त्याही गप्प. त्यांचं ते मौन की मालकानं लादलेला अबोला? हे तू पाहिलं नव्हतंस का? पाहिलं असशील तर बोलली का नाहीस? हा मुद्दा माझ्याकडे अजून तसाच आहे. परत येताना व्यवस्थापकांना मी तो तोंडावर सांगितला. ते तेच म्हातारे, आता काठी घेऊन चालतात. त्यांनी ऐकून घेतलं, बाजू मांडली नाही. त्याचाही मला राग आला.

पत्रक लिहून संपलं, तेव्हा झोप लागली. बसल्या बसल्या, उभ्या उभ्या, घंटा वाजली तरी. इतकी झोप माझ्यात कुठं साठली होती, देव जाणे. हाडं दुखायला लागली. शरीर म्हणजे भाषण द्यायला लागणारी उभं राहायची सोय, इतकीच माझी त्याच्याशी ओळख होती. आता ते गुडघ्यापासून मानेपर्यंत एकेक तक्रार घेऊन बुधवारच्या बैठकीला आल्यासारखं आलं, आणि मला कुठल्याच साहेबाकडे जाता येईना. फक्त बसून राहायचं होतं.

मग एका दुपारी काय झालं ते नीट सांगता येणार नाही. मोठं काही झालं नाही. आम्हाला बाहेर लिंबाखाली बसवलं होतं. खालच्या शेतातली पाण्याची मोटार बंद पडली. तिचा आवाज इतका वेळ चालू होता हे ती बंद पडल्यावरच कळलं. आणि तिच्यासोबत माझ्या आतलंही काहीतरी थांबलं. घोषणा नाही, मुद्दा नाही, उत्तर नाही. लिंबाच्या झाडावर कुठलातरी पक्षी होता, तो एकदा ओरडला आणि मी ते ऐकलं. एवढंच. पुढचं वाक्य तयार न करता मी काहीतरी ऐकलं.

आणि त्या जागेत तू मेलीस. दवाखान्यात मेली नव्हतीस, आत्या. दवाखान्यात तुझ्या घशात नळी होती, तुला बोलता येत नव्हतं आणि मी सारखी बोलत होते. कुठल्या बाईची पोटगी मंजूर झाली, कोण साहेब बदलून गेला. तू माझं मनगट धरायचीस, मला वाटायचं पुढचं विचारतेयस. सरणावरही तू मेली नव्हतीस, तिथं मी घोषणा दिल्या. त्या दुपारी, लिंबाखाली, माझ्याजवळ एकही शब्द नसताना, तू मेलीस. मी रडले. बाजूच्या गादीवरच्या बाईनं माझ्याकडे बघितलं नाही. नियमच तसा होता, आणि त्या नियमाबद्दल मला पहिल्यांदा बरं वाटलं.

थकवा गेला का? नाही. पण इतके दिवस मी त्यात नुसती बुडत होते. आता पायाला तळ लागला. तिथं उभं राहता येतं.

तुझ्या नवऱ्याचा अबोला आणि तुझं मौन एकच नव्हतं, एवढं मी आता मान्य करते. तुझं ऐकायचं नाही म्हणून त्यानं तोंड मिटलं होतं. तू कशासाठी मिटलंस ते त्या म्हातारीनं फाटकाशी उभं राहून ओळखलं होतं आणि मी टेम्पोत बसून पत्रकाचा मथळा शोधत होते. पण गप्प बसायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायला हवं, आणि ज्यांना ठरवता येत नाही त्यांच्यासाठी भोंगा लागणारच. यावर तू काय म्हणाली असतीस? 'बराबर हाय, वाचा,' असं म्हणून सुटू नकोस.

परत आल्यावर खालानं विचारलं की बंद करायची का खोली. मी म्हणाले, येत्या बुधवारी बसते, मग सांगते.

बुधवारी दुपारपर्यंत कुणी आलं नाही. मग एक बाई आली. माझ्याच वयाची असेल. जिन्यावर बराच वेळ थांबून वर आली, दारातल्या सतरंजीच्या कडेला बसली. हातात पिशवी, पिशवीवर एका बियाण्याच्या वाणाचं नाव. मी पाणी दिलं. माझ्या तोंडात प्रश्न तयार होते, क्रमानं. गाव कोणतं, लग्नाला किती वर्षं, मूलबाळ, मारहाण, कुणी साक्षीदार. मी ते विचारले नाहीत. मला ते विचारायचेच नव्हते असं नाही. ती काही सांगते का, हे मला ऐकायचं होतं.

ती पाणी प्याली. खाली रिक्षावाले 'सीट, सीट' म्हणून गिऱ्हाइकांना ओरडत होते. ती खिडकीतून त्यांच्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. बऱ्याच उशिरा ती म्हणाली की तिच्याकडे एक शेळी होती, ती फार गुणाची होती. मी म्हटलं, हं. मग तिनं शेळीचं सांगितलं. कशी मागंमागं यायची, पाऊस आला की कशी घरात शिरायची. शेळीचं आता काय झालं ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. ती पुन्हा गप्प झाली आणि ते गप्प बसणं मला जड वाटलं नाही. तिलाही वाटलं नसावं, कारण तिनं पाय मोकळे केले आणि भिंतीला टेकली.

ऊन खिडकीतून सरकून गेल्यावर ती उठली. पदर सावरला, पिशवी घेतली. दारात जाऊन थांबली.

"तुमी माझं नाव इचारलं न्हाई."

"सांगा."

तिनं थोडा विचार केला. नाव सांगायला आपल्याकडे विचार करावा लागत नाही, आत्या. बापाचं किंवा नवऱ्याचं पुढं लावून ते आपोआप बाहेर पडतं.

"सुमन," ती म्हणाली. आणि पुढं कुणाचंच नाव न लावता जिना उतरून गेली.